शेवंतीच्या मुळांची माती

जयवंतेनं सकाळी वाफ्यात पाय ठेवला आणि तिच्या तोंडून पहिली निघाली ती शिवी. काल सांजेला मांडीएवढा उभा असलेला झेंडू, त्यातली सात झाडं शेंड्याकडून कुरतडलेली, पानांची चाळण झालेली. मातीवर आणि देठांवर वाळक्या शेंबडाच्या चकचकीत रेघा.

"मेल्यांनो, रात्रभर पंगत झोडली अन् पत्रावळीबी उचलल्या नाईत!" ती ओरडली. ऐकायला कोणी नव्हतं. जेवून गेलेले पाहुणे दगडाखाली, चिखलाच्या भेगांत निवांत झोपले होते. शंख पाठीवर घेऊन हिंडणारी गोगलगाय सगळ्यांच्या ओळखीची. पावसाळ्यात दोन-चार दिसतात, पोरं काडीनं टोचतात, संपलं. पण ही बिनशंखाची, बोटाएवढी, मातकट, उघड्या अंगाची जात या वाडीत आजवर कोणी पाहिली नव्हती. आषाढात एक दिसली, श्रावणात पन्नास झाल्या आणि भादव्यात तर मोजायची सोय उरली नाही.

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालायचा, अमरावतीच्या कँपात गोऱ्या साहेबांचे बंगले होते, तेव्हाची ही गोष्ट. वडाळीच्या वाटेवर जयवंतेच्या सासरची फुलांची वाडी होती. नवरा केशवराव जाऊन सहा वर्षं झालेली. कर्ता पुरुष म्हणजे धाकटा दीर महादेवराव. बायकोच्या मागं एकटाच राहिलेला, मनानं वाईट नाही, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो परत घेणं त्याला मरणाहून जड. आणि गेल्या आठवड्यात त्यानं शब्द टाकला होता.

"वहिनी, तुमच्या सुनेचा पायगुण बरा नाई. ती आली अन् हे लचांड आलं. आजवर कधी होतं का? दसऱ्याचं देवीचं तोरण चार पिढ्या आपल्या वाडीतून जाते. अवंदा ते चुकलं, तर शेषराव तिले हिवरखेडले माहेरी पोचवून येईन. पुन्हा आणायची नाई."

शेषराव म्हणजे जयवंतेचा लेक. काकासमोर त्याच्या जिभेला गाठ पडायची. त्यानं मान खाली घातली आणि मोटेकडं निघून गेला. भिंतीआड उभी असलेली सून, शकुन, तिनं ते सगळं ऐकलं. सोळा वर्षांची पोर. तेव्हापासून ती वाडीत पाय टाकायची ती अंग चोरून, जणू जमिनीला कळू नये. जयवंतेला ते बघवत नव्हतं. पोरगी तिला आवडली होती. भाकरी जाड करायची, पण रोपाला हात लावायची तो अशा बेतानं की रोपाला लागू नये.

वाडीत आधीच लव्हाळ्याचा ताप काय कमी होता? कितीही उपटा, जमिनीत त्याच्या गाठी राहतात आणि आठ दिवसांत पुन्हा हिरवं. कोपऱ्यातल्या जुन्या मोगऱ्यापाशी तर त्याचंच राज्य. जयवंतेची सासू पार्बताबाई होती तोवर त्या मोगऱ्याखालचा लव्हाळा तिनं कोणालाच काढू दिला नाही. स्वतः खुरपं घेऊन बसायची आणि कोणी मदतीला गेलं की म्हणायची, "तिकडं तुमी जाऊ नका, ते माझं काम." म्हातारीचा हेका, म्हणून सगळे सोडून द्यायचे.

तर गोगलगाई. महादेवरावानं आधी चुलीतली राख टाकली झाडांभोवती. दोन दिवस बरं वाटलं. कोरडी राख त्यांच्या अंगाचा ओलावा पिऊन टाकते, म्हणून त्या तिच्यावरून जाईनात. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, राखेचा लगदा झाला आणि त्यावरून पाहुणे आरामात चालत गेले.

मग त्यानं मीठ आणलं. जयवंता आडवी गेली.

"भाऊजी, मीठ नका टाकू. मी दर्यापूरकडची. तिकडं विहिरीले पाणी लागते तेच खारं. त्या पाण्यावर भाजीचं एक पान येत नाई. माहेरी आमच्या मळा कसला, दारातला एक मोगरा, तोबी पावसाच्या पाण्यावर जगे. मीठ गोगलगाईच्या अंगातलं पाणी ओढते हे खरं. पण झाडाच्या मुळातलंबी ओढते ना!"

"तुमी बायका सगळ्यातच आडव्या," महादेवराव म्हणाला आणि एक अख्खी ओळ खड्यांनी पांढरी करून टाकली. गोगलगाई फेसाळून मेल्या, ते त्यानं सगळ्यांना बोलावून दाखवलं. चार दिवसांनी त्या ओळीतला झेंडू कडेकडेनं करपला आणि मान टाकून बसला. ते मात्र त्यानं कोणाला दाखवलं नाही. उलट म्हणाला, "पाह्यलं? आता तं औषधबी उलटून राह्यलं." त्याची नजर गेली ती शकुनच्या पायांवर.

जयवंतेनं दातांवर दात दाबले. या महादेवाला तिनं नऊ वर्षांचा असताना विहिरीवर नेऊन आंघोळ घातली होती. तेव्हाच दोन बादल्या जास्त ओतायला हव्या होत्या.

त्यातच महालक्ष्म्या आल्या. घरात नैवेद्याच्या आंबिलीचं काम शकुनकडं आलं. ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं, दुसऱ्या दिवशी शिजवायचं, एवढंच. पण पोरीच्या जिवाला थारा नव्हता. चूक होऊ नये म्हणून तिनं एक दिवस आधीच भिजवलं आणि भांडं चुलीच्या उबेला ठेवून दिलं. दमट हवा, उबदार कोपरा. पीठ फसफसून भांड्याबाहेर आलं. असा वास सुटला की अंगणातल्या म्हशीनं मान वर केली.

"अव माय!" जयवंतेनं झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. "हे काय करून ठेवलं बाई? देवीले आंबील द्याची की दारू?"

शकुनचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्याबाई, माझ्या हातून काहीच नीट होत नाही. मामंजी खरंच बोलतात."

"त्यायचं राहू दे. पहिल्यांदा माझ्या हातची पुरणपोळी माझ्या नवऱ्यानं विळ्यानं कापली होती. दुसरं पीठ भिजव, ताक जरा जास्त घाल, सांजेपर्यंत होते. अन् हे मोरीत नको ओतू. देवीच्या नावानं भिजवलेलं आहे. कोणाचा पाय पडणार नाई अशा जागी ठेवून ये."

शकुन ते आंबलेलं पीठ घेऊन वाडीत गेली. ओतलं तर चिखलात पाय पडेल कोणाचा, म्हणून तिनं मातीचा पसरट परळ झेंडूच्या दोन ओळींमध्ये काठापर्यंत पुरला आणि त्यात ते ओतलं. वर झेंडूची सावली. देवीला हात जोडले आणि घरात आली.

सकाळी फुलं तोडायला गेली ती धावतच परत आली. "आत्याबाई, पाहा ना! चला ना!"

परळ भरला होता. एकावर एक, तीस-चाळीस गोगलगाई पिठात बुडून मेलेल्या. आणि त्या दोन ओळींतल्या एकाही झाडाला रात्रभरात तोंड लागलं नव्हतं.

जयवंता खाली बसली. मग एकाएकी तिला असं हसू फुटलं की शकुन घाबरली.

"तुझा सासरा, केशवराव, कँपातल्या एका बंगल्यावर माळी होता चार साल," ती डोळे पुसत म्हणाली. "तिथली मडम बशीत बियर ओते अन् गुलाबाखाली ठेवे. गोगलगाईसाठी! खानसामा कपाळ बडवे. हा घरी येऊन सांगे, 'जयवंते, साहेबाच्या राज्यात गोगलगाईबी दारू पेते.' आमी पोट धरधरून हसलो होतो. कशाले ठेवते ते कोणं इचारलंच नाई."

"पण का येतात त्या?"

"वासाले. त्यायचे डोळे नावालेच. सगळं चालणं नाकावर. सडकं फळ, कुजकं पान, त्यायचं खाणं ते. अन् सडलं-कुजलं की आंबते. आंबलेला वास आला की समजतात जेवण वाढलं. झेंडूपेक्षा हे गोड लागते. काठावरून वाकल्या की पडल्या. अन् पीठ हे असं घट्ट, चिकट, अंगाले चिकटलं की श्वास बंद. तुझी आंबील बिघडली नाई पोरी. देवीनं बिघडवली."

त्या दिवसापासून सासू-सुना घरच्या ज्वारीचं पीठ मुद्दाम जास्त आंबवायला लागल्या. देवीच्या आंबिलीचं भांडं वेगळं, गोगलगाईचं वेगळं. तरीही महादेवराव कुरकुरलाच, "सणाच्या महिन्यात जीव मारता."

"मिठानं मारले तेवा सण नव्हता का?" जयवंता म्हणाली. तो निघून गेला.

दुसरी गोष्ट शकुनला सापडली. गोठ्यात म्हशीसाठी सरकीचं पोतं होतं, त्याच्या तळाशी ओल होती, पण सांडलेल्या सरकीपाशी एक गोगलगाय अडकून बसलेली तिनं पाहिली. कापूस वेगळा करणाऱ्या जिनातून निघालेल्या सरकीला बारीक रुई राहतेच. ती रुई गोगलगाईच्या शेंबडाला चिकटली होती. सुटायला ती आणखी शेंबूड सोडी, त्याला आणखी रुई चिकटे. शेवटी कापसाची वात झाली तिची. शकुननं दोन टोपल्या सरकी मागितली.

"आता म्हशीच्या तोंडचंबी काढता?" महादेवराव म्हणाला, पण टोपल्या त्यानंच भरून दिल्या. झेंडूच्या प्रत्येक झाडाभोवती सरकीचं कडं पडलं. पाऊस झाला की ती भिजून बसायची, मग पुन्हा कोरडी टाकायची. शेषराव मोटेवरून येऊन न बोलता टोपली उचलायचा. एवढं जरी त्यानं केलं तरी शकुनचा चेहरा दिवसभर बरा राहायचा.

कळ्या धरल्या. पितृपक्ष आला तसा वाफा हिरवा दिसू लागला. सगळं जमून येत होतं, फक्त विहिरीकडची बाजू सोडून. तिथून रोज नव्या गोगलगाई येत. परळ तिथंच सगळ्यात आधी भरे.

"यायचं घर तिकडंच कुठंतरी आहे," जयवंता म्हणाली आणि एका दुपारी एकटीच दगड उलटायला लागली. दगडाखाली काही नाही, पाटाच्या कडेला काही नाही. मग विहिरीच्या सावलीत शकुनची शेवंती होती, तिथं ती आली.

त्या घरची एक रीत होती. सून येताना माहेरच्या दारातलं एक फुलझाड मुळासकट आणायची आणि मुळांची माती झटकायची नाही, धुवायची नाही. माती झटकली म्हणजे माहेर तुटलं, असं समजत. म्हणून सोयरीक ठरताना जयवंतेनंच निरोप धाडला होता, आम्हाला तुमच्या वाडीतली पिवळी शेवंती द्या. शकुन ती ओल्या तरटात गुंडाळून मांडीवर घेऊन आली. हिवरखेडहून अकोल्यापर्यंत छकड्यात, अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत आगगाडीत, वाटेत प्रत्येक ठेसणावर तिच्यावर पाणी शिंपडत. शेवंती लावली, पण तरट टाकवेना. आईच्या हातची गाठ होती त्याला. घडी करून तिनं ते शेवंतीच्या बुडाशी गारव्याला ठेवून दिलं होतं.

जयवंतेनं ते तरट उचललं.

खाली साबुदाण्यासारख्या पांढऱ्या दाण्यांचे पुंजके होते, ओलसर, चकचकीत. शंभर, दोनशे. तरटाच्या घडीत लहानमोठ्या गोगलगाई एकमेकींना चिकटून झोपलेल्या. मुळांपाशी अजून हिवरखेडची भुरकट माती वेगळी ओळखू येत होती, तिच्यातही तेच दाणे.

म्हणजे आल्या त्या इथूनच. सुनेच्या मांडीवर बसून, आगगाडीनं, पाणी पीत. महादेवानं हे पाहिलं तर? पायगुण म्हणत होता, आता पुरावाच हातात येईल. मग झेंडू फुलला काय आणि न फुलला काय, पोरगी या घरात जन्मभर हेच ऐकत मरणार.

"आत्याबाई?"

मागं शकुन उभी होती. तिनं तरट पाहिलं, दाणे पाहिले. तिला सांगावं लागलं नाही. ती मटकन खाली बसली.

"म्हणजे माझ्यामुळंच," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर जयवंतेला सोपं गेलं असतं. "मामंजी बरोबर होते. मी स्वतःच जाते हिवरखेडला. त्यांनी पोचवायला नको."

जयवंतेला राग आला. कोणाचा, ते कळेना. रीत तिची, शेवंती मागितली तिनं, माती झटकू नको हा निरोप तिचा. ती काहीतरी बोलायला वळली आणि समोर तिला तिचा मोगरा दिसला. तीस वर्षांपूर्वी दर्यापूरहून तिनं आणलेला, न झटकलेल्या काळ्या मातीसकट. त्याच्या बुडाशी लव्हाळा दाट उभा होता. तिथून तो पातळ पातळ होत वाडीभर पसरला होता. तीस वर्षं ती ते रोज पाहत होती आणि आज पहिल्यांदा तिला ते दिसलं.

"अव माय," ती हळूच म्हणाली.

तिनं शकुनचा हात धरला, ओढतच मोगऱ्यापाशी नेली आणि बोटांनी माती उकरली. काळ्या ढेकळात लव्हाळ्याच्या गाठी माळेसारख्या.

"हे काय आहे?"

"लव्हाळा."

"कोणं आणला?"

शकुननं एक गाठ उचलून पाहिली.

"मी. माह्या माहेरच्या मातीत आला. या घरानं तीस साल उपटला, अजून संपला नाई. माह्या सासूले ठाऊक होतं. ती इथं कोणाले बसू देत नव्हती, खुरपं घेऊन एकटीच बसे. मले वाटे म्हातारी हेकट आहे." "कोणी पाह्यलं असतं, कोणी बोललं असतं, म्हणून बसे ती. मरेपर्यंत मले एका शब्दानं टोचलं नाई. अन् मी तिले हेकट म्हणे!"

मग दोघीही रडल्या. आणि रडून झाल्यावर जयवंतेनं पदर खोचला, चुलीवर हंडाभर पाणी उकळलं, शेवंती मुळांसकट काढली, तिची मुळं स्वच्छ धुतली आणि दुसऱ्या जागी लावली. जुन्या खड्ड्यात उकळतं पाणी ओतलं. तरटाची आईनं मारलेली गाठ तेवढी कापून शकुनच्या हातात दिली आणि उरलेलं तरट वाडीच्या कडेला जाळलं. ओलं होतं, बराच वेळ धुमसत राहिलं.

दसऱ्याला झेंडू असा आला की पहाटेपासून तिघांनी तोडूनही वाफा पिवळाच दिसत होता. महादेवरावानं स्वतः तोरण ओवलं, खांद्यावर टाकलं आणि देवळात बांधून आला. सांजेला आपट्याचं सोनं घेऊन तो वहिनीच्या पाया पडला. शकुन डोक्यावरचा पदर ओढून दाराआड उभी होती. तो तिच्याकडं न पाहता, विहिरीकडं पाहत म्हणाला,

"वहिनी, सुनेले सांगा, दिवाळीले हिवरखेडले जाशीन तेवा ही पिवळी शेवंती अजून आणजो म्हणा. दोन-चार रोपं." त्यानं धोतराचा सोगा सारखा केला. "पण माती झटकून."

जयवंतेचं तबक हातातच राहिलं. "तुमाले कोणं सांगतलं?"

"तरट जळते तं वास येते, वहिनी. अन् मी काय आंधळा आहे?" त्यानं खाकरून घसा साफ केला. "माय मरताना म्हणे, मोगऱ्याखाली तू बसत जाय, वहिनीले बसू देऊ नको, तिच्या ध्यानात येईन. मी आळशी, कधी बसलो नाई. पण मायनं मरेपर्यंत कोणापाशी तोंड उघडलं नाई, अन् मी दोन महिन्यांत पोरीचा पायगुण गावभर केला."

त्याच्याकडून याहून जास्त कोणी अपेक्षाही केली नव्हती. दाराआड काकणं वाजली. शकुन पुढं आली आणि चुलत सासऱ्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या हातावर सोनं ठेवलं आणि घाईघाईनं बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता खुरपं घेऊन मोगऱ्याकडं निघाली. तीस वर्षांचं देणं होतं सासूचं, आता तरी आपल्या हातानं काढावं, असं तिच्या मनात होतं. जवळ गेली तर तिथं आधीच कोणीतरी उकिडवं बसलेलं. धोतर वर खोचलेलं, शेजारी उपटलेल्या लव्हाळ्याचा ढीग, चाळिशीला आलेले गुडघे कुरकुरत असलेले.

ती बसायला वाकली तसा महादेवराव मान वर न करता म्हणाला, "तिकडं झेंडूत जा वहिनी. हे माझं काम."